कंग्राळी बुद्रुक बत्तीस बाईटमध्ये बसत नाही

मराठीतला क आणि कानडीतला क, दोन्ही कॉम्प्युटरच्या मेमरीत उघडून बघितले की तीन-तीन बाईट सापडतात. मराठी क म्हणजे ई०, ए४, ९५. कानडी क म्हणजे ई०, बी२, ९५. पहिला तोच, शेवटचा तोच, मधला तेवढा वेगळा. ग घ्या, ब घ्या, ळ घ्या, व्यंजनांना सगळीकडे हेच, मध्ये ए४ असला की देवनागरी आणि बी२ असला की कानडी. हे काही योगायोगानं झालेलं नाही. युनिकोडनं, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना नंबर देणाऱ्या तक्त्यानं, भारतीय लिप्यांची मांडणी आपल्याकडच्या इस्की नावाच्या जुन्या कोडवरून घेतली, त्यात सगळ्या लिप्यांतल्या क ला एकच नंबर होता, त्यामुळे देवनागरीचा तक्ता आणि कानडीचा तक्ता शेजारी शेजारी ठेवले की अजूनही ओळीला ओळ लागते. पाटीवर कुठली लिपी वर नि कुठली खाली यावरून ज्या गावात इतकी वर्षं वाद चाललाय त्या गावात बसून हे हेक्स, म्हणजे बाईट लिहायची ही ई०-ए४ अशी पद्धत, बघितलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, खरंच सांगते, आणि कुणालाही बाईट शिकवायला बसले की मी इथूनच सुरुवात करते.

मी बेळगावात शाहपुरात राहते आणि स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लिहिते, म्हणजे इथेरियम आणि तसल्याच ब्लॉकचेनवर, एकदा लिहिलेलं बदलता न येणाऱ्या सामायिक नोंदवह्यांवर, चालणारे छोटे छोटे प्रोग्रॅम, सॉलिडिटी भाषेत. काम बाहेरच्या लोकांचं, बसायचं इथंच. व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं, मुख्यालय आपल्याच गावात असल्यामुळे इंजिनिअरिंगची पोरं गल्लोगल्ली, आणि हल्ली शेवटच्या वर्षाला ब्लॉकचेनचा प्रोजेक्ट घेणारी त्यात बरीच, मग संध्याकाळी कुणी ना कुणी लॅपटॉप घेऊन येऊन बसतंच. त्यातलाच एक कंग्राळी खुर्दचा, घरचा ऊस आहे. त्याचा प्रोजेक्ट मला पहिल्यापासून आवडला कारण तो त्याच्या घरातून आलाय, ऊस काट्यावर गेला की जी वजनाची पावती मिळते ती चेनवर नोंदवून ठेवायची, म्हणजे पुढं बिल निघेपर्यंत त्यातला आकडा कुणाला हलवता येणार नाही. काट्याबद्दल शेतकऱ्याच्या मनात कायम एक शंका असते, ती आपल्या भागात काय नि कोल्हापूर-सांगलीकडं काय, सगळीकडं आहे, त्यामुळे विषय समजावून सांगायची गरजच नव्हती.

तो आला तोच म्हणत आला, "ताई, आमच्या गावाचं नाव मोडालंय की ओ."

स्क्रीनवर दिसत होतं "कंग्राळी खु" आणि त्याच्यापुढं काळ्या चौकटीतलं ते प्रश्नचिन्ह. बस्स. "र्द" गायब.

कॉन्ट्रॅक्ट उघडलं तर गावाच्या नावाला त्यानं बाईट्स३२, म्हणजे बरोबर बत्तीस बाईटचा खण, हा टाईप दिला होता. का दिला, तर बहुतेक ट्युटोरियलमध्ये तसंच सांगतात, की नाव छोटं असेल तर स्ट्रिंग, म्हणजे लागेल तेवढा लांब होणारा मजकूर, वापरू नका, बाईट्स३२ वापरा, गॅस वाचतो, म्हणजे चेनवर काम करून घ्यायची फी. हा सल्ला इतक्या ठिकाणी इतक्या वेळा छापून आलाय की तो कुणी तपासून बघत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हा सल्ला ज्यांच्या एका अक्षराला एक बाईट लागतो त्यांनी, त्यांच्यासारख्यांसाठी लिहिलाय, आणि आपण तो जसाच्या तसा उचलला तर आपली माणसं आणि आपली गावं त्यात मावत नाहीत.

मोजूनच बघू. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडच्या नंबरांचे बाईट करायच्या रीतीत, इंग्रजी अक्षराला एक बाईट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे व्यंजन वेगळं, काना वेगळा, अनुस्वार वेगळा, पाय मोडायचं हलंत चिन्हही वेगळं, प्रत्येकी तीन बाईट. कानडीलाही तेच. "कंग्राळी" यात क, अनुस्वार, ग, हलंत, र, काना, ळ, दीर्घ वेलांटी अशी आठ चिन्हं, म्हणजे २४ बाईट. मग स्पेस, तो एकच बाईट. "खुर्द" ची पाच चिन्हं, १५ बाईट. एकूण ४०. "बुद्रुक" ची सात, २१ बाईट, त्यामुळे कंग्राळी बुद्रुक ४६ बाईटचं. हेच इंग्रजी स्पेलिंगनं लिहिलं तर कंग्राळी बुद्रुक १५ बाईटमध्ये आटपतं आणि बत्तीसच्या खणात निम्म्याहून जास्त जागा उरते. बत्तीस बाईटमध्ये देवनागरीची पुरी चिन्हं जास्तीत जास्त दहा मावतात. दहा चिन्हं म्हणजे काय, तर "श्री" एवढं लिहिलं तरी त्यातली चार संपली.

आता ते काळं प्रश्नचिन्ह कुठून आलं ते. "कंग्राळी खु" पर्यंत ३१ बाईट होतात. बत्तिसावा बाईट र चा पहिला, म्हणजे ई०. यूटीएफ-८ ची रचना अशी की पहिला बाईटच सांगतो माझ्यामागून अजून किती येणारेत, ई० सांगतो दोन येणारेत. आणि ते दोन आलेच नाहीत, खण संपला. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला अर्धवट अक्षर सापडलं, त्यानं त्याच्या जागी ते चिन्ह टाकलं. यूटीएफ-८ ही १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाईक यांनी बसवलेली रीत, आणि ती अशी हुशारीनं बसवलीये की मधूनच कुठूनही वाचायला लागलात तरी आपण अक्षराच्या सुरुवातीला आहोत की पोटात हे कळतं, कारण पोटातल्या प्रत्येक बाईटचे वरचे दोन बिट एक-शून्य असतात. म्हणजे कापायचंच असेल तर नीट सांध्यावर कापता येतं, प्रश्नचिन्ह येणार नाही. पण मग उरणार "कंग्राळी खु", आणि ते काही गावाचं नाव नाही.

हे प्रश्नचिन्ह दिसलं ते एका अर्थी चांगलंच झालं, कारण मी त्याला म्हटलं आता बाईट्स२४ करून बघ आणि दोन्ही कंग्राळ्या घाल. त्यानं घातल्या. दोन्हीकडं सुबक, स्वच्छ, "कंग्राळी". चोवीस बाईटवर बरोबर सांधा येतो, कुठं काही मोडलेलं दिसत नाही, एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि दोन गावं एक झाली. एका गावच्या शेतकऱ्याची पावती दुसऱ्या गावच्या खात्यावर. तो गप्पच बसला जरा वेळ. मोडलेलं दिसलं तर माणूस शोधायला जातो, हे असं गुळगुळीत झालेलं कुणाच्या नजरेला येणार?

सॉलिडिटी हे असं का होऊ देते हे समजून घ्यायला पाहिजे, कारण भाषेचे नियम अगदी सरळ आहेत, फक्त ते नियम बाईटबद्दल आहेत, अक्षराबद्दल नाहीत. इथेरियमचं मशीन बत्तीस बाईटच्या शब्दावर चालतं, २५६ बिट. यलो पेपरमध्ये, म्हणजे इथेरियमच्या मूळ तांत्रिक कागदात, त्याचं कारणही दिलंय, केकॅक-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला ठराविक लांबीचा ठसा) आणि सह्यांसाठी लागणारी एलिप्टिक कर्व्हची गणितं सोपी जावीत म्हणून. त्यावर सॉलिडिटीनं बाईट्स१ पासून बाईट्स३२ पर्यंत ठराविक मापाचे टाईप दिले, आणि यूइंट८ पासून यूइंट२५६ पर्यंत आठ-आठच्या पायरीनं आकड्यांचे. दोघांचा स्वभाव मात्र उलटा आहे, आणि नवीन पोरं हमखास इथं अडकतात. बाईट्सवाला माल डावीकडून भरतो, उरलेल्या जागेत उजवीकडं शून्यं. यूइंट उजवीला चिकटून बसतो, शून्यं डावीकडं. १२३४ हे हेक्स बाईट्स२ मधून बाईट्स४ मध्ये नेलं की १२३४०००० होतं, तेच यूइंट१६ मधून यूइंट३२ मध्ये नेलं की ००००१२३४. मोठ्यातून छोट्यात नेताना बाईट्सचं शेपूट तुटतं आणि यूइंटचं डोकं. आणि दोन्ही वेळा गप्प, कारण कन्व्हर्जन तुम्ही स्वतः लिहून मागितलेलं असतं, भाषा म्हणते मागितलं तसं दिलं. सॉलिडिटीच्या ०.८.५ या आवृत्तीपासून तर लांबीचं बंधन नसलेल्या बाईट्समधून थेट बाईट्स३२ करता येतं, जास्तीचं कापून टाकतं, कमी पडलं तर शून्यं भरतं. त्यानं हेच वापरलं होतं. कोडमध्येच अवतरणात तेहतीस बाईटचा मजकूर लिहून बाईट्स३२ ला दिला असता तर कंपाईलरनं तिथंच अडवलं असतं, पण गावाचं नाव बाहेरून, फॉर्ममधून येतं, ते कंपाईलरला दिसत नाही.

त्यावर त्याची युक्ती अशी की पावतीवर "कंग्राळी खु." लिहू, सगळे तसंच लिहितात. बरोबर आहे, तसंच लिहितात, बोलताना तर के.एच. आणि बी.के.च म्हणतात. मोजलं तर चोवीस, एक, सहा आणि टिंबाचा एक, बरोबर बत्तीस. काठोकाठ. पण इथर्स लायब्ररीतून पाठवायला गेला तर एरर, कारण तिथलं फंक्शन ३१ बाईटच्या वर घेतच नाही, शेवटी एक शून्य बाईट राखून ठेवावा लागतो म्हणजे वाचणाऱ्याला मजकूर कुठं संपला ते कळतं. ती एरर मला आवडते. मापात बसत नसेल तर तोंडावर सांगावं, कापून आत घेऊ नये.

आणि मुळात गॅस वाचतो म्हणतात तो तरी किती? सॉलिडिटी छोट्या स्ट्रिंगला वेगळी वागणूक देते. ३१ बाईटपर्यंतची स्ट्रिंग स्टोरेजमध्ये, म्हणजे चेनवरच्या कायमच्या साठ्यात, एकाच स्लॉटमध्ये, बत्तीस बाईटच्या एकाच खणात राहते, मजकूर डावीकडं आणि सगळ्यात उजवीच्या बाईटमध्ये लांबीची दुप्पट. बत्तीस झाली की मगच पसरते, मूळ स्लॉटमध्ये लांबीची दुप्पट अधिक एक, आणि मजकूर त्या स्लॉट नंबरचा हॅश काढून जो पत्ता येईल तिथून पुढं. म्हणजे "निपाणी", "बेळगाव", "येळ्ळूर" ही नावं बाईट्स३२ मध्ये ठेवा नाहीतर स्ट्रिंगमध्ये, स्टोरेजचा स्लॉट एकच. कंग्राळी बुद्रुकला तीन लागतात हे खरं आहे, एक लांबीचा आणि दोन मजकुराचे, आणि रिकाम्या स्लॉटमध्ये पहिल्यांदा काही लिहायला २२,१०० गॅस लागतो, म्हणजे ६६,३०० च्या घरात. महाग आहे. मी ते नाकारत नाही. पण महाग पडतंय म्हणून नाव कापा हा त्यावरचा उपाय नव्हे.

उपाय असा की नाव त्या जागेत ठेवायचंच नाही. गावाला कोड असतो, केंद्राच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला नंबर दिलेला आहे, तो सहा आकडी. सहा आकडी नंबर यूइंट२४ मध्ये आरामात मावतो, १,६७,७७,२१५ पर्यंत जातो तो, म्हणजे तीन बाईट. एका क एवढी जागा! त्यात सगळं गाव. शिवाय नाव बदललं तरी कोड हलत नाही, आणि नावं बदलतात हे आपल्याला कुणी सांगायला नको, १ नोव्हेंबर २०१४ ला आपल्या शहराचं सरकारी नाव बदललंच की. एकाच गावाला घरात एक, कानडी उताऱ्यावर दुसरं, इंग्रजी दाखल्यावर तिसरं अशी रूपं असताना नावाला चावी बनवून मॅपिंग करणं म्हणजे उद्याचं भांडण आजच लिहून ठेवणं.

मग आम्ही पावती नव्यानं मांडली, आणि मला या कामातला सगळ्यात आवडणारा भाग हाच. एक पावती एका स्लॉटमध्ये बसवायची. गाडी नंबर बाईट्स१०, कारण आपल्याकडचे केए २२, चिकोडीकडचे केए २३, गोकाकचे केए ४९, पुढं दोन अक्षरं चार आकडे, स्पेस न देता दहा बाईट, आणि नंबर इंग्रजी अक्षरातच नोंदला जातो. जुना छोटा नंबर असेल तर उजवीकडं शून्यं, काही बिघडत नाही. भरल्या गाडीचं वजन यूइंट२४, रिकाम्या गाडीचं यूइंट२४, गाव यूइंट२४, वेळ यूइंट४०, पावती नंबर यूइंट३२. दहा, तीन, तीन, तीन, पाच, चार. अठ्ठावीस. एका स्लॉटमध्ये बसलं आणि वर चार बाईट शिल्लक. हेच सगळं यूइंट२५६ नि बाईट्स३२ असं सढळ हातानं लिहिलं असतं तर सहा स्लॉट, म्हणजे एका पावतीला २२,१०० च्या जागी १,३२,६०० गॅस. इथं ठराविक मापाचा टाईप खरा उपयोगाला येतो, इथं तो वापरलाच पाहिजे.

फक्त ते एकमेकांना लागून लिहिलेले पाहिजेत, मध्येच एखादं बत्तीस बाईटचं काही घातलं की साखळी तुटते आणि स्लॉट वाढतात. आणि एकटाच यूइंट८ घेऊन काही वाचत नाही, उलट मशीन बत्तीस बाईटचंच असल्यानं छोटा आकडा वेगळा काढायला जास्तीचं काम पडतं. त्यानं टेस्टनेटवर, म्हणजे सरावाच्या चेनवर, पहिली पावती टाकल्यावर आम्ही स्लॉट कच्चा वाचून बघितला, नुसतं हेक्स. सगळ्यात आधी लिहिलेला गाडी नंबर उजव्या टोकाला होता, डावीकडं न वापरलेल्या चार बाईटची आठ शून्यं. त्यातून बोट ठेवून ठेवून त्यानं वजन काढलं, गाव काढलं, वेळ काढली. पुस्तकात वाचून जे कळत नाही ते असं एकदा हातानं सोडवलं की डोक्यात पक्कं बसतं. वडगावात मागावर फणी बघितलेल्यांना हे लगेच कळेल, फणीला घरं किती ते आधी ठरतं आणि मग त्या हिशोबानं धागा भरायचा, विणायला बसल्यावर घर वाढवता येत नाही.

वजनाला यूइंट१६ का नाही, असं त्यानं विचारलंच. ६५,५३५ पर्यंत जातो, किलोमध्ये धरलं तर पासष्ट टन, उसाच्या एका गाडीला पुरेल असं वाटतं. पण दिवसभराच्या दोन खेपांची बेरीज कुणीतरी त्याच मापात ठेवणार. बेरीज समजा ७०,००० किलो झाली. थेट यूइंट१६ मध्ये बेरीज केली तर ०.८ पासून सॉलिडिटी व्यवहारच उलटवते, ते ठीक. पण बेरीज यूइंट२५६ मध्ये करून मग यूइंट१६ मध्ये कोंबली तर तिथं काही तपासणी नाही, ७०,००० मधून ६५,५३६ वजा होऊन उरतात ४,४६४. सत्तर टनाचे साडेचार टन सुद्धा नाहीत! काट्यावर एवढं कुणी मारलं असतं तर गाव रस्त्यावर आलं असतं, आणि इथं ते एका ओळीत होतं. म्हणून ओपनझेपेलिन या तयार कोडच्या लायब्ररीतलं सेफकास्ट वापरायचं, ते मापात बसत नसेल तर नकार देतं. आणि टनाचे दशांश ठेवायच्या भानगडीत पडायचं नाही, पावतीवर १८.४५० टन असेल तर इथं १८,४५० किलो, कारण सॉलिडिटीत अपूर्णांकाचे टाईप नावापुरते आहेत, जाहीर करता येतात पण त्यात किंमत घालता येत नाही.

वेळेचं पण तसंच. यूइंट३२ मध्ये सेकंद मोजले तर २१०६ साली संपतात. उसाच्या पावतीला तोवर कोण विचारणार, असं म्हणता येईल, पण एक बाईट जास्त देऊन प्रश्न मिटत असेल तर द्यावा की. आपल्याकडं जमिनीचे कागद पणजोबांच्या नावावरचे बाहेर निघतात, सातबारा-उताऱ्याच्या भागातल्या माणसानं तरी ऐंशी वर्षं म्हणजे फार लांब असं समजू नये.

मग नाव कुठं ठेवायचं? इव्हेंटमध्ये. इव्हेंट म्हणजे व्यवहाराच्या लॉगमध्ये सोडलेली नोंद, तिला दर बाईटला ८ गॅस, त्यामुळे कंग्राळी बुद्रुक संपूर्ण, एकही मात्रा न तोडता, दोन हजार गॅसच्या आत लिहून होतं. कॉन्ट्रॅक्टला स्वतःला लॉग वाचता येत नाही, पण कॉन्ट्रॅक्टला नावाची गरजच काय, त्याला कोड पुरतो, नाव माणसांना वाचायचं असतं. फक्त ती स्ट्रिंग इंडेक्स्ड करायची नाही, केली तर लॉगमध्ये नावाऐवजी त्याचा हॅश बसतो आणि हॅशवरून नाव परत येत नाही.

स्ट्रिंग आणि बाईट्स३२ चा हा घोळ काही आपल्याच पोरांचा नाही. मेकरच्या एमकेआर टोकनमध्ये नाव आणि चिन्ह बाईट्स३२ मध्ये आहे, तर टोकनसाठी ठरलेल्या ईआरसी-२० च्या रीतीप्रमाणे ते स्ट्रिंग असायला पाहिजे, आणि कॉन्ट्रॅक्ट एकदा डिप्लॉय झालं की झालं, त्यामुळे वॉलेट नि ॲप लिहिणाऱ्यांना आधी स्ट्रिंग म्हणून वाचून बघा, जमलं नाही तर बाईट्स३२ म्हणून वाचा असा जास्तीचा कोड लिहावा लागला. प्रॉक्सी, म्हणजे काम दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टकडं सोपवणारं पुढचं कॉन्ट्रॅक्ट, लावून नवं कॉन्ट्रॅक्ट आणता येतं, पण जुन्या स्टोरेजची मांडणी तशीच धरून ठेवावी लागते, मधलं एक माप बदललं की पुढचं सगळं सरकतं. म्हणून मापं पहिल्या दिवशी ठरतात. आणि पहिल्या दिवशी टेबलावर कुणाची नावं होती यावर ती ठरतात.

पावतीचा हॅश काढताना अजून एक गोष्ट निघाली, ती जमिनीशी संबंधित असल्यानं त्याला लगेच पटली. त्यानं सर्व्हे नंबर आणि हिस्सा या दोन स्ट्रिंग सॉलिडिटीतल्या एबीआयच्या एन्कोडपॅक्ड या फंक्शननं जोडून त्यांचा केकॅक हॅश घेतला होता. एन्कोडपॅक्ड नुसतं एकापुढं एक चिकटवतं, मध्ये काही ठेवत नाही. मग सर्व्हे १ हिस्सा २३ आणि सर्व्हे १२ हिस्सा ३, दोघांचे बाईट तेच, हॅश तोच. दोन वेगळी रानं! साधं एन्कोड वापरलं की प्रत्येक स्ट्रिंगची लांबी सोबत जाते आणि हा गोंधळ होत नाही, थोडे बाईट जास्त जातात, जाऊ देत.

आणि शेवटी एक असं, जे मला कुठल्याही इंग्रजी कागदात सापडलं नव्हतं, कारण त्यांना ते अक्षरच नाही. आपला ऱ्य. शेतकऱ्यांची, कोऱ्या, दऱ्या यातला. हा दोन तऱ्हेनं टाईप होतो. काही कीबोर्ड नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, हलंत, य असं पाठवतात, नऊ बाईट. काही साधा र, हलंत, मग न दिसणारं एक जोडचिन्ह, झीरो विड्थ जॉईनर म्हणतात ते, आणि य, असे बारा बाईट. दिसायला दोन्ही हुबेहूब सारखे. सोसायटीच्या नावात "शेतकऱ्यांची" असेल आणि एकानं मोबाईलवर, दुसऱ्यानं कॉम्प्युटरवर टाईप केलं असेल, तर हॅश पूर्ण वेगळे, आणि कॉन्ट्रॅक्ट म्हणणार अशी सोसायटी नोंदलेलीच नाही. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करायची ठरलेली रीत, केलं तरी हे दोन एक होत नाहीत, कारण ते न दिसणारं चिन्ह नॉर्मलायझेशन काढत नाही. तेव्हा हॅश काढण्याआधी, कॉन्ट्रॅक्टच्या बाहेरच, एक रूप नक्की करायचं आणि दुसरं त्यात बदलून घ्यायचं. आमचं आता नुक्तावाला ऱ असं ठरलंय. कोडमध्ये मराठी मजकूर लिहिताना ०.७ पासून अवतरणाआधी युनिकोड असा शब्दही लावावा लागतो, नाहीतर कंपाईलर घेत नाही, आणि मला हा नियम बरा वाटतो, लिहिणारा दोन सेकंद थांबतो तरी.

त्यानं एकदा विचारलं, ताई, एवढं करून काटाच खोटा असला तर? खरं आहे. चेनवर जे लिहिलं ते बदलत नाही, पण जे लिहिलं ते खरं होतं का हे चेनला कळत नाही. त्याला काट्याची तपासणी पाहिजे, वजन होताना शेतकरी तिथं उभा पाहिजे, ते काम सॉलिडिटीचं नाही. पण ज्या गावचा ऊस त्या गावाच्या नावावर, पूर्ण नावावर, लागला पाहिजे, एवढं आपल्या हातात आहे आणि ते आपण चोख करायला पाहिजे. आपल्या भागातल्या माणसानं आपलं नाव कुठल्या ना कुठल्या फॉर्मवर अर्धं, चुकीचं, दुसऱ्याच स्पेलिंगचं बघितलेलं असतंच, माझ्या आजीचं तर मधलं नाव एका पोर्टलवर कायमचं तुटलं आणि ती तेच बरोबर मानून सही करायला लागली होती. नवीन काही बांधतोय तर त्यात तरी ते नको.

ज्याची लांबी बाहेरच्या जगानं आधीच बांधून दिलीये, गाडीचा नंबर, गावाचा कोड, हॅश, वीस बाईटचा पत्ता, त्यालाच ठराविक माप द्यायचं, असा नियम त्यानं स्वतःच वहीत लिहून घेतलाय. टेस्टमध्ये आता तो इंग्रजी नावं घालत नाही. संकेश्वर, हिंडलगा, उचगाव, दोन्ही कंग्राळ्या, प्रत्येक नाव मराठीत एकदा आणि कानडीत एकदा, दोन्हीकडून जाऊन पुरं परत येतं का ते बघतो. उरलेल्या चार बाईटमध्ये गळीत हंगामाचं साल घालायचं की उसाची जात, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. मी सालाच्या बाजूची आहे, यूइंट१६, दोन बाईट, आणि बाकीचे दोन मोकळे सोडावेत. खानापूर तालुक्याची गावं यादीत घालायची राहिलीत, ती तो या आठवड्यात घालणार आहे.